गूगल वनची 100 जीबी योजना: नाशिकच्या घराने घ्यावी का, आणि घेतल्यावर काय नीट लावावे

घरात तीन-चार अँड्रॉइड फोन, एखादा लॅपटॉप आणि जीमेलच्या डोक्यावर महिनोन्महिने दिसणारी ‘स्टोरेज फुल’ची पट्टी, अशी स्थिती असेल तर गूगल खात्यात पैसे देऊन जादा जागा मिळवण्याची ही योजना घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. महिना 130 रुपये किंवा वर्षाला 1300 रुपये हा तिचा भारतातला नेहमीचा दर. सुरुवातीचे काही महिने सवलतीत मिळतात तेव्हा सवलत संपल्यावरचा दर पाहूनच होय म्हणावे. मात्र नुसते पैसे भरून काहीही सुरक्षित होत नाही. नंबर कुठल्या खात्यात जातात, कुठले फोल्डर वर (म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर) चढतात, काय पुसले की काय पुसले जाते, हे एकदा बसून लावावे लागते. एमजी रोडवर नवा फोन घेताना ‘डेटा ट्रान्सफर करून देतो’ म्हणणारे दुकानदार भरपूर आहेत. ते जुन्या फोनमधले नव्यात आणून देतात. पुढे रोज सगळे आपोआप जुळत राहील याची व्यवस्था ज्याची त्यालाच करायची असते.

फुकट मिळणारी जागा 15 जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून. 1 जून 2021पर्यंत ‘हाय क्वालिटी’त चढवलेले फोटो या हिशेबात धरले जात नसत, त्या तारखेपासून धरले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा चॅट बॅकअपही 2024पासून याच जागेत मोजला जाऊ लागला. म्हणून जुन्या खात्यांचीही जागा अचानक संपल्यासारखी वाटते. जागा भरली की फोटो चढायचे थांबतात हे लक्षात येते, पण जीमेलवर येणारी मेलही थांबते आणि पाठवणाऱ्याकडे परत जाते, हे फार उशिरा कळते. अंबड-सातपूरच्या अनेक लहान वर्कशॉपांचा पत्ता आजही साधा जीमेलचाच आहे. तिथे परचेस ऑर्डर परत गेली तर नुकसान योजनेच्या वर्षभराच्या पैशांहून मोठे.

पैसे भरण्याआधी जागा कशाने खाल्ली ते बघावे. गूगल वन ॲपमधल्या स्टोरेजच्या पानावर तिन्हींचा वेगवेगळा आकडा दिसतो. बहुतेक घरांत दोषी एकच असतो: व्हॉट्सॲप, तेही दोनदा मोजलेले. गूगल फोटोजमध्ये ‘बॅक अप डिव्हाइस फोल्डर्स’खाली व्हॉट्सॲप इमेजेस आणि व्हॉट्सॲप व्हिडिओ हे फोल्डर चालू असतात, म्हणून प्रत्येक सुप्रभात आणि प्रत्येक फॉरवर्ड व्हिडिओ फोटोजमध्ये चढतो. तोच पुन्हा चॅट बॅकअपमध्येही जातो. फोटोजमधले हे फोल्डर बंद करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप या पानावर ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद करा. मग स्टोरेज अँड डेटामधल्या ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये जाऊन पाच एमबीवरच्या फायली चाळा. ड्राइव्ह आणि जीमेलच्या ट्रॅशमधल्या गोष्टी 30 दिवस तिथे राहतात आणि तोवर जागेत मोजल्या जातात, तेव्हा ट्रॅशही रिकामा करा. एवढे करून आकडा दहा-बारा जीबीवर येत असेल, तर योजनेची गरज नाही.

कॉम्प्युटरवर गूगल फोटोजच्या सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हर स्टोरेज’ नावाचा एक पर्याय आहे. तो आधी चढलेले मूळ आकाराचे फोटो ‘स्टोरेज सेव्हर’मध्ये बदलतो, म्हणजे फोटो 16 मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ 1080पीपर्यंत लहान होतात. बिलांचे आणि नोटिसांचे फोटो असतील तर खुशाल करा. पण हे बदल परत फिरवता येत नाहीत आणि ते सगळ्या फोटोंना लागू होतात. मुंजीचे, लग्नाचे मूळ फोटो दुसरीकडे ठेवलेले नसतील तर त्या बटणाला हात लावू नका.

योजनेचा खरा फायदा वाटून घेण्यात आहे. घेणारा आणि आणखी पाच जण अशा सहा खात्यांत ही जागा वापरता येते. कुणाचे फोटो कुणाला दिसत नाहीत, फक्त जागा सामायिक होते, आणि प्रत्येकाची स्वतःची 15 जीबी भरल्यावरच सामायिक जागेला हात लागतो. म्हणजे सासू-सासऱ्यांचे खाते बहुधा काहीच खर्च करत नाही आणि कॉलेजातल्या मुलाचे खाते बरीचशी जागा वापरते. दोन अटी मात्र जाचक आहेत. कुटुंब गटातले सगळे एकाच देशात राहणारे असावे लागतात, त्यामुळे अमेरिकेतल्या लेकीला या गटात घेता येत नाही. आणि एक गट सोडून दुसऱ्यात जायचे तर बारा महिन्यांत एकदाच जाता येते, म्हणून लग्न ठरलेल्या मुलीला घाईने माहेरच्या गटात जोडू नका.

100 जीबी किती पुरते? साधारण चार एमबीचा एक फोटो धरला तर 25 हजार फोटो. व्हिडिओचा हिशेब अगदी वेगळा. आयफोनवर 4के, 30 फ्रेमचे एक मिनिट सुमारे 170 एमबी होते, 1080पीचे 60 एमबी. 4केमध्ये दहा तासांच्या आत सगळी जागा संपते. घरगुती व्हिडिओसाठी कॅमेरा 1080पीवर ठेवला तर हीच योजना दोन-तीन वर्षे जास्त टिकते, आणि टीव्हीवर बघताना घरात कुणाला फरक जाणवत नाही.

आता नंबरांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होते आणि 100 जीबीशी त्याचा काहीही संबंध नाही. नंबरांना जागा नगण्य लागते, ते फुकट खात्यातही छान जुळतात. अडचण एवढीच की अनेक फोन नवा नंबर ‘फोन’ किंवा ‘सिम’मध्ये साठवतात आणि तो कधीच वर जात नाही. फोन गोदावरीत पडला की नंबरही गेले. उपाय असा: गूगलचे कॉन्टॅक्ट्स ॲप उघडा, सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट अकाउंट फॉर न्यू कॉन्टॅक्ट्स’ या जागी जीमेलचा पत्ता निवडा. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगल, तिथून गूगल कॉन्टॅक्ट्स सिंक, आणि तिथे ‘ऑल्सो सिंक डिव्हाइस कॉन्टॅक्ट्स’ चालू करा, म्हणजे फोनमध्ये अडकलेले जुने नंबर वर जातील. सिममधले त्याच ॲपच्या ‘इम्पोर्ट’मधून आणावे लागतात, ते आपोआप येत नाहीत. झाल्यावर कॉम्प्युटरवर कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडून तिथला एकूण आकडा फोनमधल्या आकड्याशी ताडून बघा. ही पाच मिनिटांची तपासणी कुणी करत नाही, आणि करावी अशी हीच आहे.

मराठीत नावे लिहिणाऱ्यांना दोन खास अडचणी येतात. जुन्या फोनमधून व्हीसीएफ फाइल (नावे आणि नंबर साठवणारी फाइल) काढली की ती अनेकदा 2.1 या जुन्या आवृत्तीत निघते आणि तिच्यात देवनागरी अक्षरे ‘=ई0=ए4’ अशा रोमन अक्षर-अंकांच्या जोड्यांत लिहिलेली असतात. फाइल वर्डमध्ये किंवा नोटपॅडमध्ये उघडून बघणारा घाबरतो आणि नावे बिघडली असे समजतो. ती बिघडलेली नसतात. फाइलला हात न लावता ती तशीच कॉन्टॅक्ट्समध्ये इम्पोर्ट केली तर ‘काका निफाड’ हे ‘काका निफाड’च उमटते. खरे बिघडते ते एक्सेलमध्ये. लग्नाच्या आमंत्रणाची किंवा सोसायटीच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये करून साध्या सीएसव्हीत (रकाने स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) जतन केली की सगळ्या नावांची प्रश्नचिन्हे होतात, आणि ती परत अक्षरांत येत नाहीत. ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच प्रकार निवडायचा. नंबरांचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा, नाहीतर +91 गळतो आणि मोठे आकडे 9.19ई+11 असे होऊन बसतात. काही गाड्यांच्या पडद्यावर देवनागरी नावांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. तो गाडीतल्या फॉन्टचा दोष आहे, फोनवर त्याला इलाज नाही.

चुकून नंबर उडालेच तर गूगल कॉन्टॅक्ट्सच्या वेबपानावर, सेटिंग्जच्या चक्राखाली ‘अनडू चेंजेस’ असते. दहा मिनिटांपासून 30 दिवसांपर्यंत मागे जाऊन सगळी यादी त्या क्षणाला होती तशी करता येते. ही सोय इतकी चांगली आहे की निव्वळ तिच्यासाठी नंबर गूगलमध्ये ठेवावेत. मात्र तीस दिवस उलटले की दार बंद, त्यामुळे वर्षातून दोनदा व्हीसीएफ फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा.

फोटोंच्या बाबतीत एक गैरसमज घरोघरी आहे, आणि त्याची किंमत फार मोठी पडते. ‘वर चढले आहेत ना, मग फोनमधून उडवले तर चालेल’ असे म्हणून लोक गूगल फोटोज ॲपमध्ये फोटो निवडतात आणि डिलीट करतात. त्या ॲपमधून पुसलेला फोटो फोनमधूनही जातो आणि वरूनही जातो, घरातल्या दुसऱ्या टॅबवर तेच खाते असेल तर तिथूनही. फोनची जागा मोकळी करायची तर त्याच ॲपमधले ‘फ्री अप स्पेस’ वापरा किंवा एकेका फोटोवर ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ निवडा. ही दोन्ही कामे फक्त फोनमधली प्रत काढतात. चूक झाली तर वर चढलेले फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस मिळतात, न चढलेले 30 दिवस. ‘लॉक्ड फोल्डर’मधल्या फोटोंचा बॅकअप चालू आहे का ते वेगळे बघा. तो चालू केलेला नसेल तर ते फोटो फोनबरोबर जातात.

पहिल्यांदा सगळे वर चढवताना संयम लागतो. जाहिरातीतला वेग बहुधा खाली उतरवण्याचा असतो, आपल्याला लागतो तो अपलोडचा. 60 जीबी चढवायचे आणि अपलोड 20 एमबीपीएस असेल तर सुमारे पावणेसात तास लागतात. अपलोड पाचच एमबीपीएस असेल तर तेच काम 26 तासांवर जाते. फायबर असलेल्या घरात रात्री फोन चार्जिंगला लावून, स्क्रीन टाइमआउट वाढवून, ॲप समोर उघडे ठेवून झोपा. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हे काम काढू नका, अपलोडही त्याच पॅकमधून जातो. फोटोजच्या बॅकअप सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटा बंद ठेवा किंवा रोजची मर्यादा घाला.

सगळे बरोबर लावूनही काही फोनांवर बॅकअप आठवड्यानंतर थांबलेला आढळतो. कारण फोन स्वतःच. शाओमी, रियलमी, ओप्पो, विवो यांच्या प्रणाली बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करतात. फोटोज, गूगल प्ले सर्व्हिसेस आणि व्हॉट्सॲप या तिघांना बॅटरीच्या पानावर ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ किंवा ‘अनरिस्ट्रिक्टेड’ द्या, जिथे ‘ऑटोस्टार्ट’ असेल तिथे तेही चालू करा. डेटा सेव्हर चालू असेल तर त्यातूनही यांना सूट द्या. तरीही ‘सिंक एरर’ येत असेल तर फोनची तारीख आणि वेळ बघा. तारीख चुकली असेल तर सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र वैध ठरत नाही, जोडणीच होत नाही, आणि पडद्यावर त्याचे कारण धड सांगितलेलेही नसते.

कॅलेंडर हा या सगळ्यातला सर्वात कमी वापरला जाणारा भाग, आणि नाशिक जिल्ह्यात त्याचा उपयोग इतर कुठल्याही शहरापेक्षा जास्त होऊ शकतो, असे आम्हाला वाटते. द्राक्षबागेत सगळे छाटणीपासूनच्या दिवसांवर चालते. गोडी छाटणीची (फळासाठीच्या छाटणीची) तारीख एकदा पक्की झाली की डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), फवारण्या आणि काढणीआधीचा प्रतीक्षा कालावधी (शेवटच्या फवारणीनंतर सोडायचे दिवस) हे सगळे दिवस मोजून ठरतात. ‘बाग 1’ नावाचे वेगळे कॅलेंडर काढा, ते कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून भावाला आणि मजुरांच्या मुकादमाला वाटून द्या, भावाला बदलाची परवानगी आणि मुकादमाला फक्त बघण्याची. प्रत्येक फवारणी ‘ऑल डे’ नोंद म्हणून टाका आणि औषधाचे नाव व प्रमाण वर्णनात लिहा. निर्यातीच्या मालाला नोंदी लागतातच, तारखा मग कुठे शोधाव्या लागत नाहीत. एक सावधगिरी: सॅमसंगचे स्वतःचे कॅलेंडर ॲप वापरत असाल तर नोंद करताना खाली कुठले खाते निवडले आहे ते बघा. तिथे फोनचे स्थानिक कॅलेंडर निवडलेले असेल तर ती नोंद दुसऱ्या कुणाला कधीच दिसणार नाही. आणि भावाकडे आयफोन असेल तर वाटलेले कॅलेंडर ॲपलच्या कॅलेंडरमध्ये आपोआप येत नाही. गूगल कॅलेंडरच्या ‘सिंक सिलेक्ट’ पानावर त्याच्यापुढे खूण करावी लागते. सोपा मार्ग म्हणजे आयफोनवर गूगलचेच कॅलेंडर ॲप टाकणे.

आयफोनवाल्यांसाठी ही योजना दुय्यम आहे. ॲपल फक्त पाच जीबी फुकट देते, आणि आयफोनचा पूर्ण बॅकअप, व्हॉट्सॲपसकट, ॲपलच्या आयक्लाउड या साठवणीतच जातो. महिना 75 रुपयांची 50 जीबीची आयक्लाउड योजना आधी घ्यावी. गूगल फोटोज आयफोनवर चालते, पण मागे राहून सतत चढवण्याची मुभा त्याला मिळत नाही, ॲप अधूनमधून उघडावे लागते. त्यात आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर मूळ फोटो आधी आयक्लाउडमधून खाली येतो आणि मग गूगलवर चढतो, म्हणजे दुप्पट डेटा. गूगलचे नंबर आणि तारखा ॲपलच्या ॲपमध्ये तत्क्षणी येत नाहीत, ‘फेच’ची जी वेळ लावली असेल त्या अंतराने येतात. ती पंधरा मिनिटांवर लावा.

मनगटी घड्याळांचे थोडक्यात. घड्याळ फोनच्या ब्लूटूथ मेनूतून जोडू नका, कंपनीच्या ॲपमधून जोडा, नाहीतर कॉल येतात पण पावले आणि झोप वर जात नाही. अँड्रॉइड 11 किंवा त्याआधीच्या फोनवर लोकेशन चालू असल्याशिवाय ॲपला घड्याळ सापडत नाही. अँड्रॉइड 12पासून ‘निअरबाय डिव्हाइसेस’ची परवानगी लागते. घड्याळात साठवण मर्यादित असते. उदाहरणार्थ, बहुतेक फिटबिट घड्याळे मिनिटागणिक नोंदी सात दिवस आणि रोजच्या बेरजा 30 दिवस धरून ठेवतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी ॲप उघडा. ही माहिती 100 जीबीत मोजली जात नाही.

योजना घेऊनही जे येत नाही तेही सांगायला हवे. यूपीआय ॲप सिम आणि फोन दोन्हींना बांधलेले असते, नव्या फोनवर त्याच सिममधून एसएमएस जाऊन पुन्हा नोंदणी होते, तेव्हा ते सिम आणि त्यात एसएमएसपुरता बॅलन्स तयार ठेवा. बँकेचे ॲपही नव्याने लावावे लागते. गूगल ऑथेंटिकेटर या ॲपमधले लॉगिनचे कोड 2023पासून खात्यात जुळतात, पण ॲपमध्ये खाते जोडलेले असेल तरच. अँड्रॉइडचा व्हॉट्सॲप बॅकअप आयफोनवर उतरत नाही आणि उलटही नाही. फोन बदलताना चॅट एका फोनमधून दुसऱ्यात थेट हलवावे लागते. अँड्रॉइडचा फोन-बॅकअप फोन 57 दिवस न वापरल्यास पुसला जातो, म्हणून बिघडलेला फोन कपाटात ठेवून ‘पुढच्या सणाला बघू’ म्हणू नका.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू करा आणि लगेच बॅकअप कोड छापून घ्या. दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. फोन आणि सिम एकत्र हरवले तर खात्यात शिरण्याचा तोच भरवशाचा मार्ग राहतो. 2027च्या सिंहस्थात रामकुंडावर किंवा त्र्यंबकला जाताना घरातल्या ज्येष्ठांच्या खिशात दोन नंबर कागदावर लिहून द्या. गर्दीत नेटवर्क ओढत नाही, आणि फोन हरवला तर त्यातले जुळवलेले नंबरही त्या क्षणी हाताशी नसतात.

दुसरी प्रत घरात हवीच. गूगल टेकआउटमधून (खात्यातला मजकूर उतरवून घेण्याच्या गूगलच्या सोयीतून) फोटो मागवा, फायलीचा आकार 50 जीबीपर्यंत निवडता येतो, तयार झाल्याची मेल आली की दुवा सात दिवसच चालतो. फोटोंबरोबर जेसॉन फायली येतात, ॲपमध्ये बदललेल्या तारखा आणि वर्णने त्यांच्यात असतात, त्या कचरा समजून उडवू नका. एक टीबीच्या हार्ड डिस्कवर वर्षानुसार फोल्डर करून ठेवा, दिवाळीच्या आवराआवरीत वर्षातून एकदा.

योजना बंद केली तर फायली लगेच जात नाहीत. नवे चढणे थांबते, मेल थांबते, आणि मर्यादा ओलांडलेली स्थिती दोन वर्षे तशीच राहिली तर गूगल मजकूर पुसू शकते. वार्षिक हप्ता भरत असाल तर नूतनीकरणाची तारीख त्याच कॅलेंडरमध्ये, पंधरा दिवस आधीच्या सूचनेसह टाकून ठेवा.